तिची नजर कापू नका



रेडिओवर बसून व्हिडिओविषयी बोलायचं, म्हणजे जरा गंमतच आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा त्यांनी पहिलं गाणं लावलं ते ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. म्हणजे व्हिडिओनं रेडिओवरच्या कलावंताचा जीव घेतला! त्या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. रेडिओ अजून आहे आणि मी त्याच्यावरूनच तुमच्याशी बोलतो आहे. तेव्हा भांडण मिटलं असं समजून आज एका व्हिडिओची गोष्ट सांगतो. साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ, चार विद्यार्थ्यांनी केलेला, आमच्या नारायणगावात.

नारायणगाव पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात. जवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, टोमॅटोचा बाजार आहे, तरी गावाची जुनी ओळख एकच, तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गुढीपाडव्याच्या आधी इथं फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर रंगीत बोर्ड, आत सतरंजी, मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, तारीख ठरते, रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचं अर्धं गणित या राहुट्यांत सुटतं.

२०२४ सालच्या फेब्रुवारीत, राहुट्या लागायच्या सुमाराला, ही चार मुलं माझ्याकडे आली. एक मुलगी, तीन मुलगे. शिकायला पुण्यात, घरं इकडची. विषय मीडिया स्टडीज. मी बी.ए. झालो तेव्हा असा काही विषय असतो हे ऐकलंसुद्धा नव्हतं. मुलगी म्हणाली, “चाचा, आम्हाला म्युझिक व्हिडिओ करायचाय. लावणी हवीय. तुम्ही लिहून द्या.”

व्हिडिओबरोबर त्यांना एक निबंधही द्यायचा होता. आपण ज्या प्रकारचं गाणं केलं त्या प्रकाराचे संकेत कोणते, त्यांतले आपण कोणते पाळले, कोणते मोडले, का मोडले, आणि त्यामागं कुठला सिद्धांत आहे, असं सगळं लिहायचं. संकेत म्हणजे त्यांच्या भाषेत ‘जॉनर कन्व्हेन्शन’. मला वाटलं, हे तर आपल्या ओळखीचं आहे.

तमाशाला बसलेल्या माणसाला पुढं काय येणार हे माहीत असतं. ढोलकी-हलगीची सलामी झाली की गण येणार. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची राखण करणारी मावशी, आणि मावशीच्या वेषात पुरुष. वाटेत कृष्ण आणि पेंद्या अडवणार. मग बतावणी, शब्दाला शब्द लावून हसवणं. मग लावण्या आणि शेवटी वग. हा क्रम प्रेक्षकाला पाठ असतो आणि तरी तो रात्रभर बसतो. कारण क्रम तोच असला तरी आज सोंगाड्या काय बोलणार, हे त्याला माहीत नसतं. स्टीव्ह नील नावाच्या इंग्रज अभ्यासकानं हेच म्हटलंय म्हणे, की कुठलाही प्रकार पुनरावृत्ती आणि फरक या दोन पायांवर चालतो. मुलांनी मला हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. मी म्हटलं, “बाळांनो, आपल्या सोंगाड्याला हे न वाचता कळलेलं होतं.”

एका मुलानं जरा चाचरत विचारलं, “चाचा, सुरुवातीला गण लागेल. तुम्ही लिहाल ना? म्हणजे... तुम्हाला चालेल ना?” त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं. मी त्याला पेशवाईतल्या सगनभाऊंची गोष्ट सांगितली. जेजुरीचे सगनभाऊ. धर्मानं मुसलमान, धंदा शिकलगाराचा. दिवसा हत्यारांना धार लावायची आणि रात्री लावणीला. मराठी शाहिरीचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. मी म्हटलं, “गण हा त्या रात्रीचा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय मी तरी आत कसा येऊ?” पोरगा हसला. प्रश्न तिथंच संपला.

मग त्यांनी शॉटांची यादी दाखवली. पहिला शॉट घुंगरू बांधणारे पाय. दुसरा नाकातली नथ. तिसरा लोडाला टेकलेला फेटेवाला पाटील. चौथा पैठणीतली कंबर. मग पडदा, मग झुंबर. मी विचारलं, “यातलं तुम्ही राहुटीत किंवा जत्रेत कुठं पाहिलं?” चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. चारांपैकी तिघांनी तमाशा प्रत्यक्ष पाहिलेलाच नव्हता! राहुट्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण घरचे जाऊ देत नव्हते. त्यांची लावणी पडद्यावरून आलेली होती.

यात त्यांचा काय दोष? आपल्यापैकी बहुतेकांची लावणी पडद्यावरूनच आली आहे. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. त्यातल्या बुगडीच्या गाण्यावर जयश्री गडकर नाचल्या, आवाज आशा भोसल्यांचा. १९७२ साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. २०१० साली ‘नटरंग’ आला आणि नव्या पिढीला पुन्हा लावणीचं वेड लागलं. हे चित्रपट उत्तमच आहेत. पण त्यांच्यामुळं झालं असं, की लावणी म्हटलं की डोळ्यांपुढं नटी येते, फडावरची बाई येत नाही. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर एक महत्त्वाचा इंग्रजी निबंध लिहिला. लावणीचा इतिहास त्यांनी जातीच्या आणि बाईच्या अंगानं मांडला. सिनेमानं लावणीचं रूप उचललं आणि ज्या जातींतल्या बायांनी ते घडवलं होतं त्या बाजूला पडल्या, हा त्यातला एक मुद्दा. रेगे बाई २०१३ साली गेल्या. हा निबंध मुलांच्या यादीत नव्हता. त्यांच्या यादीतली नावं सगळी विलायती होती. मी सुचवला, मुलीनं शोधून वाचला आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाली, “चाचा, नटी काढून टाकू. फडावरची बाई घेऊ.”

त्यांनी तशी शोधली. तिशीच्या आतली, एका फडात नाचणारी. एका रात्रीची बिदागी घेईन म्हणाली. मुलांनी वर्गणी काढून दिली. तिची अट एकच होती, नाव टाकायचं नाही. मुलगा शाळेत जातो, तिथं कळायला नको.

मी लावणी लिहिली. मुखडा असा होता:

सुपारी दिली तुम्ही नाचाची पाटील,
डोळं न्हाई विकलं मी

आता त्यांच्या सिद्धांतातला एक मुद्दा सांगतो, कारण पुढं त्याचीच गंमत झाली. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकानं १९९२ साली म्युझिक व्हिडिओवर पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, गाण्याचे शब्द आणि चित्र यांची तीन नाती असतात. एक, शब्द म्हणतात तेच चित्र दाखवतं. दोन, चित्र शब्दांत नसलेली भर घालतं. तीन, दोघांचा एकमेकांशी मेळच नसतो. व्हिडिओत गायकाचे क्लोजअप असतात आणि बघण्याचा खेळ असतो, कोणीतरी कोणाला तरी चोरून, आरशातून, दारातून बघत असतं, हेही त्यानं नोंदवलंय. आपल्या लावणीत शब्दांचा अर्थ बाई अदाकारीनं फोडून दाखवते. एकच ओळ चार वेळा आली तर चार अर्थ निघतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी करायच्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. बैठकीच्या लावणीत बाई जागेवर बसून चेहरा आणि हात यांनीच सगळं सांगते. त्यांचा क्लोजअप कॅमेऱ्याच्या आधीचा होता.

चित्रीकरण झालं. मुलांनी लॅपटॉपवर काटछाट करून पहिला व्हिडिओ तयार केला आणि दाखवायला आणला. त्या दिवशी माझ्याकडे गावातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी वीसेक वर्षं फडात गवळण केलेली. आता गुडघे धरलेत. त्यांनीही पाहिला. ठेका सुरेख पकडला होता. ढोलकीच्या प्रत्येक थापेला चित्र बदलत होतं. पाय, कंबर, पाठ, नथ, पुन्हा कंबर. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? संपल्यावर आजी गप्प. मुलगी म्हणाली, “आजी, कसं वाटलं?”

आजी म्हणाल्या, “पोरी, गाण्यात डोळं म्हणतीया अन् चित्रात कंबर दावतीया. तिचं डोळं कुठं गेलं?”

मुलांनी पुन्हा लावून पाहिलं. साडेतीन मिनिटांत तिचा पूर्ण चेहरा तीन वेळा होता आणि प्रत्येक वेळी सेकंदभरच. ती कॅमेऱ्याकडं एकदाही बघत नव्हती. बघितलं होतं तिनं, चित्रीकरणात सारखं बघत होती. पण काटछाट करणाऱ्या मुलाला ती चूक वाटली. सिनेमात कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं, म्हणून त्यानं ते सगळे तुकडे काढून टाकले होते. गुडविनचं तिसरं नातं आमच्या व्हिडिओत आमच्या नकळत येऊन बसलं होतं.

श्रोतेहो, मला त्या वेळी माझ्या लहानपणातलं आठवलं. माझे अब्बा जत्रांना गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. लाइट गेली तर खोळंबा नको म्हणून फडवाले चार बत्त्या घेऊन ठेवायचे आणि त्यांना हवा मारायला मी दहा वर्षांचा पोरगा मंचाच्या कडेला बसायचो. समोर बसणाऱ्याला फक्त बाई दिसते. कडेला बसणाऱ्याला बाई दिसते आणि तिच्याकडं बघणारे हजारभर चेहरेही दिसतात. एकदा समोरून कोणीतरी काहीतरी ओरडला. नाचणारी बाई थांबली. ढोलकीवाल्यानं हात थांबवला. तिनं कमरेवर हात ठेवून त्या दिशेला नुसतं पाहिलं. मग मावशी झालेल्या माणसानं एक वाक्य टाकलं आणि सगळी कनात त्या ओरडणाऱ्याला हसली. तो माणूस खाली बसला. बाईनं ढोलकीवाल्याला खूण केली आणि नाच पुढं सुरू झाला.

लॉरा मल्व्ही या बाईंनी १९७५ साली एक निबंध लिहिला, तो या मुलांना अभ्यासाला आहे. त्या म्हणतात, सिनेमात बघणारा पुरुष धरलेला असतो आणि बाई बघण्याची वस्तू होते. थिएटर अंधारं, बघणारा लपलेला. तिच्या अंगाचे तुकडे करून दाखवता येतात आणि ती काही म्हणू शकत नाही. हे सिनेमाबद्दल खरं आहे. पण फडावर उजेड दोन्हीकडं असतो. तिथं ती बघते, थांबते, उत्तर देते. मावशी, सोंगाड्या, गवळणीतली थट्टा, बतावणीतली हजरजबाबी ही नुसती करमणूक नाही. बाईला चारचौघांत उभं राहून उलट बोलता यावं म्हणून तयार झालेली ती व्यवस्था आहे. संकेत म्हणतात तो हा. बघणारा आणि दाखवणारी यांच्यातला करार. सिनेमानं लावणीचे दागिने घेतले आणि करार फडावरच ठेवला. तेच आमच्या मुलांनी केलं, आणि कडेला बसून सगळं पाहिलेल्या मलाही पहिल्या वेळी ते कळलं नाही. आजींना कळलं.

मला इथं गोड चित्र रंगवायचं नाही. फडावरच्या बाईचं जिणं कधीच सोपं नव्हतं. विठाबाईंना दोन वेळा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच विठाबाईंची दुसरीही गोष्ट इथं घरोघरी सांगतात. दिवस भरलेले असताना त्या मंचावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बाहेर आल्या, कारण लोक खोळंबले होते. २००२ साली त्या गेल्या. २००६ पासून त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. म्हणजे करार होता, पण तो दोन्ही बाजूंना सारखा कधीच नव्हता. जात आडवी होती, गरिबी आडवी होती. पुढं २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनामुळं जत्राच बंद राहिल्या, तेव्हा कराराचा कागद कोणाला दाखवायचा? तरीसुद्धा बाईच्या हातात जे थोडं होतं, त्यात तिची नजर होती. तेवढीही कापायची का, असा प्रश्न होता.

मुलगी दोन रात्री जागली. दुसरा व्हिडिओ घेऊन आली. त्यात फार मोठं काही बदललेलं नव्हतं. गण साडेतीन मिनिटांत मावणार नव्हता, म्हणून सुरुवातीला दहा-बारा सेकंद काळ्या पडद्यावर नुसती ढोलकी-हलगीची सलामी ठेवली. माझा गण गेला, पण उंबरठा राहिला. घुंगरू बांधणारे पाय ठेवले, कारण तो संकेत प्रेक्षकाला हवा असतो. त्याला आत तर बोलवावंच लागतं. मधल्या वाद्यांच्या जागी दोन वाक्यांची बतावणी घातली. आणि शेवटचा मुखडा न कापता ठेवला. जवळजवळ चाळीस सेकंद कॅमेरा हलत नाही. ती सरळ कॅमेऱ्याकडं बघते, ओळ म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थट्टा आहे. शेवटच्या वेळी थट्टा नाही.

त्या चाळीस सेकंदांत बघणाऱ्याला जरा अवघडल्यासारखं होतं. मला तरी झालं.

स्टुअर्ट हॉल या विचारवंतानं १९७३ साली सांगून ठेवलंय, की करणारा एक अर्थ भरतो, बघणारा आपला अर्थ काढतो. कोणी सांगितलेला अर्थ तसाच घेतो, कोणी थोडा घेतो थोडा सोडतो, कोणी उलटाच घेतो. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. एका घरच्या अंगणात चादर लावून व्हिडिओ दाखवला. पुढं बसलेल्या पोरांनी पहिल्या अर्ध्या भागाला शिट्ट्या मारल्या आणि शेवटी गप्प झाले. मागच्या बायांपैकी एकजण म्हणाली, “चांगलं आहे, पण आपल्या पोरींनी हे करायला नको.” फडातले दोन वादक आले होते. त्यांनी सिद्धांताची चर्चा ऐकून घेतली आणि विचारलं, “हलगी कोणी वाजवली? अर्धी मात्रा मागं आहे.” तीन माणसं, तीन व्हिडिओ!

निबंधाला गुण चांगले पडले. व्हिडिओ इंटरनेटवर काही शे लोकांनी पाहिला असेल. तेवढाच. पण शेवटच्या नामावलीवर पोरांची रात्रभर वादावादी झाली, ती मला गुणांपेक्षा मोठी वाटते. गीत, संगीत, छायाचित्रण, संकलन, सगळ्यांची नावं होती. नृत्यापुढं काय लिहायचं? तिनं नाव नको म्हटलेलं. एक मुलगा म्हणाला, खोटं नाव टाकू. दुसरा म्हणाला, ती ओळच काढू. मुलीनं फडातल्या त्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, “ओळ ठेवा. नाव नका लिहू. मी कोणीतरी हाय एवढं कळू द्या.” म्हणून नामावलीत ‘नृत्य’ हा शब्द आहे आणि त्याच्यापुढं जागा मोकळी आहे.

ती जागा भरता येईल असा दिवस आला पाहिजे. तो माझ्या लावणीनं येणार नाही, व्हिडिओनंही येणार नाही. तिच्या मुलाच्या शाळेत, आईचा धंदा काय, या प्रश्नाचं उत्तर त्याला मान वर करून देता आलं, तर येईल. ते काम तुमचं-माझं आहे.

जाता जाता रेडिओचं ऋण सांगतो. सुलोचना चव्हाण २०२२ साली गेल्या. तमाशाला कधीही न गेलेल्या घरांत त्यांच्या लावण्या रेडिओवरून गेल्या. आमच्या घरी अम्मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिथं कंबर दिसत नव्हती, पाय दिसत नव्हते. बाईचा आवाज होता आणि त्या आवाजात तिची नजर बरोबर कळायची.

यंदा राहुट्या लागल्या की एखादी संध्याकाळ काढून नारायणगावला या. जत्रेत तमाशा लागला तर पोरीबाळींना घेऊन पुढं बसा. ती तुमच्याकडं बघेल तेव्हा मान खाली घालू नका.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)